चाचणीचे औषध आणि विक्रीचे औषध

व्यापार-उद्योगाच्या पानावर कर्करोगाच्या औषधाचा विषय पाहून काही वाचक बांधवांना नवल वाटेल. परंतु आमच्या मते हा विषय दवाखान्याचा जितका आहे तितकाच गल्ल्याचाही आहे. घरातील कर्त्या माणसाचा कर्करोग शरीरभर पसरला आणि नेहमीची औषधे लागू पडेनाशी झाली की कुटुंबापुढचा प्रश्न शेवटी पैशाच्या रूपानेच उभा राहतो. गाळा विकावा काय? माग मोडीत काढावेत काय? दागिने सोनाराकडे ठेवावेत काय? अशा वेळी कोणीतरी हितचिंतक बातमी आणतो की, परदेशात नवे औषध निघाले आहे, ते रोगाचे जनुकच गप्प करते, आणि माणसांवर त्याची पहिली चाचणी यशस्वी झाली आहे.

ही बातमी बहुतेक वेळा खोटी नसते. पण 'पहिली चाचणी' आणि 'यशस्वी' या दोन शब्दांचा अर्थ आपण जो घेतो तो डॉक्टरांच्या मनात नसतो. या गैरसमजापायी वर्षानुवर्षांची पुंजी जाऊ शकते. म्हणून या औषधांची हकीकत, त्यांतील व्यापार आणि त्याविषयीचे आमचे मत येथे मांडीत आहोत.

चिठ्ठी फाडणारे औषध

शरीरातील प्रत्येक पेशी हा एक लहानसा कारखाना आहे असे समजू. मालकाजवळ नमुन्यांची वही असते. ती तो कपाटाबाहेर जाऊ देत नाही. एखादा माल हवा असला की त्या नमुन्याची चिठ्ठी उतरवून ती कारागिराकडे पाठवितो आणि कारागीर चिठ्ठीबरहुकूम माल तयार करतो. वही म्हणजे डीएनए, तिच्यातील एकेक नमुना म्हणजे जनुक, चिठ्ठी म्हणजे संदेशवाहक आरएनए आणि तयार माल म्हणजे प्रथिन. कर्करोगात वहीतील काही नमुने बिघडतात, किंवा एखाद्या नमुन्याच्या चिठ्ठ्या बेसुमार सुटू लागतात. मग पेशी वाढतच राहते.

जुनी केमोथेरपी वेगाने वाढणाऱ्या सगळ्याच पेशींवर घाव घालते. म्हणूनच केस गळतात आणि तोंड येते. पुढे आलेली अनेक औषधे तयार झालेल्या प्रथिनाला अडवितात. जनुक गप्प करणारे औषध त्याच्याही आधीची पायरी गाठते. ते चिठ्ठीच वाटेत फाडून टाकते. वहीला हात लागत नाही, पण तो माल तयार होणे थांबते.

ही कल्पना नवी नाही. पॉल झॅमेकनिक आणि मेरी स्टीफन्सन यांनी 1978 साली दाखविले की, चिठ्ठीला उलट बाजूने चिकटणारा एक छोटा तुकडा वापरून विषाणूची वाढ रोखता येते. पुढे 1998 साली अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो या अमेरिकन शास्त्रज्ञांनी एका सूक्ष्म कृमीत असे दाखविले की, दुहेरी धाग्याचा आरएनए सोडला तर पेशीची स्वतःचीच यंत्रणा त्या नमुन्याच्या चिठ्ठ्या शोधून कापते. या शोधास 2006 साली नोबेल पारितोषिक मिळाले. कोणत्या जनुकाची चिठ्ठी कापावयाची हे औषधातील अक्षरांच्या क्रमावर ठरते. अक्षरे बदलली की औषध बदलले. ज्याच्यासाठी गोळी बनविता येत नाही असे प्रथिनही यामुळे टप्प्यात आले. कर्करोगावर काम करणाऱ्यांना या शोधाने भुरळ पडली ती यामुळेच.

माल तयार, वाहतूक नाही

आता अडचण सांगतो, आणि ती व्यापाऱ्याला चटकन समजेल अशी आहे. माल तयार झाला, पण तो गिऱ्हाइकापर्यंत नेणारी गाडी मिळेना.

आरएनएचा उघडा तुकडा शिरेतून दिला तर रक्तातील पाचक द्रव्ये थोड्याच वेळात त्याचे तुकडे करतात आणि मूत्रपिंडे ते गाळून टाकतात. जो भाग वाचतो तो आकाराने मोठा आणि विद्युतभारित असल्यामुळे पेशीच्या आवरणातून आत शिरू शकत नाही. आत शिरला तरी त्याचा मोठा भाग पेशीतल्या पिशव्यांतच अडकून पडतो. शिवाय परका दुहेरी आरएनए ही विषाणूची खूण आहे असे शरीर समजते, आणि मग थंडी, ताप, रक्तदाब उतरणे असे प्रकार होतात.

यावर उपाय म्हणून शास्त्रज्ञांनी चरबीच्या किंवा साखरेपासून बनविलेल्या पदार्थांच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत हे औषध बांधून पाठविण्यास सुरुवात केली. अशा चरबीच्या गोळ्या शिरेत सोडल्या की त्यांतील बऱ्याचशा आपोआप यकृतात जाऊन पडतात. पुढे यकृताच्या पेशी ओळखतील अशी साखरेची खूण थेट औषधालाच जोडण्याची युक्ती सापडली. म्हणजे यकृताचा पत्ता मिळाला. कर्करोगाच्या गाठीचा तसा एकच पत्ता नाही. फुप्फुसातील गाठ वेगळी आणि स्वादुपिंडातील वेगळी. एकाच रुग्णाच्या दोन गाठीही सारख्या नसतात. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतील बहुतेक यशापयश या एका गोष्टीवर फिरले आहे.

पहिल्या टप्प्यात काय तपासतात

नव्या औषधाची माणसांवरील तपासणी टप्प्याटप्प्याने होते. बहुतेक औषधांचा पहिला टप्पा निरोगी स्वयंसेवकांवर होतो. कर्करोगाच्या औषधांचा मात्र बहुधा ज्यांचा आजार पुढे गेला आहे आणि ज्यांच्यासाठी रुळलेले उपाय संपले आहेत अशा रुग्णांवर होतो. या टप्प्याचा मुख्य प्रश्न 'रोग बरा होतो काय?' हा नसतो. 'किती मात्रा माणसाला सोसते?' हा असतो.

जुनी रीत अशी. तीन रुग्णांना अगदी थोडी मात्रा द्यावयाची. त्रास झाला नाही तर पुढच्या तिघांना वाढवून द्यावयाची. एकाला गंभीर त्रास झाला तर त्याच मात्रेवर आणखी तिघे घ्यावयाचे. दोघांना झाला तर थांबावयाचे आणि एक पायरी मागे यावयाचे. याचा सरळ अर्थ असा की, जो रुग्ण आरंभी येतो त्याला मुद्दामच कमी मात्रा मिळते आणि जो शेवटी येतो त्याला त्रासाची शक्यता अधिक. त्याच्या त्रासातून पुढच्यांसाठी योग्य मात्रा ठरते. अशी चाचणी 'यशस्वी' झाली याचा अर्थ इतकाच की मात्रा ठरली आणि पुढच्या टप्प्यात जाण्यास हरकत नाही.

याविषयीचे आकडे उपलब्ध आहेत. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने 1991 ते 2002 या काळात चालविलेल्या 460 पहिल्या टप्प्यातील चाचण्यांचा हिशेब 2005 साली प्रसिद्ध झाला. सुमारे 12 हजार रुग्णांपैकी 10.6 टक्के रुग्णांची गाठ लक्षणीय प्रमाणात लहान झाली किंवा दिसेनाशी झाली. पण ज्या चाचण्यांत एकच अगदी नवे औषध दिले होते त्यांत हे प्रमाण 4.4 टक्केच होते. औषधामुळे मृत्यू येण्याचे प्रमाण सुमारे अर्धा टक्का होते. पुढचा हिशेब 2022 साली आला. त्यात 2013 ते 2019 या वर्षांत गाठ लहान होण्याचे प्रमाण 18 टक्क्यांपर्यंत गेलेले दिसले. औषधे सुधारली आहेत हे मान्य केले पाहिजे. परंतु गाठ लहान होणे आणि माणूस बरा होणे यांतही अंतर आहे, हे विसरता कामा नये.

तीन चाचण्यांचा हिशेब

आता जनुक गप्प करणाऱ्या औषधांच्या तीन चाचण्या पाहू.

पहिली, कॅलिफोर्नियातील कॅलटेक संस्थेचे मार्क डेव्हिस यांच्या पद्धतीवर आधारलेल्या 'काला-01' या औषधाची. ती 2008 साली सुरू झाली. पेशीला विभागण्यासाठी लागणाऱ्या एका प्रथिनाची चिठ्ठी कापणे हे या औषधाचे काम. डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2010 साली 'नेचर' या नियतकालिकात दाखविले की, त्वचेच्या कर्करोगाच्या तीन रुग्णांच्या गाठींचे नमुने काढले असता औषधाच्या गोळ्या गाठीपर्यंत पोचलेल्या होत्या, आणि एका रुग्णाच्या नमुन्यात चिठ्ठी नेमकी अपेक्षित जागी कापलेली आढळली. माणसाच्या शिरेत दिलेले औषध गाठीत जाऊन हे काम करते याचा तो पहिला पुरावा होता. शास्त्राच्या दृष्टीने ही मोठी गोष्ट होती. पण एकूण 24 रुग्णांनंतर ही चाचणी थांबली आणि हे औषध बाजारात कधीच आले नाही.

दुसरी चाचणी आल्निलाम कंपनीच्या 'एएलएन-व्हीएसपी' या औषधाची. तिचे निष्कर्ष 2013 साली प्रसिद्ध झाले. अमेरिका आणि स्पेनमधील रुग्णालयांत 41 रुग्णांना ते देण्यात आले. त्यात दोन निरनिराळ्या चिठ्ठ्या कापणारे दोन तुकडे चरबीच्या गोळीत एकत्र बांधले होते. एक गाठीला रक्तपुरवठा करणाऱ्या वाहिन्यांसाठी आणि दुसरा पेशीच्या विभाजनासाठी. गर्भाशयाचा कर्करोग यकृतात पसरलेल्या एका स्त्रीच्या गाठी पूर्णपणे नाहीशा झाल्या. आणखी काही रुग्णांचा आजार बरेच महिने जागच्या जागी राहिला. पण यकृताचा मोठा भाग कर्करोगाने व्यापलेला एक रुग्ण यकृत निकामी होऊन दगावला. एकेचाळिसांत एक पूर्ण गुण आणि एक असा मृत्यू. ज्याला केवळ पहिली बातमी सांगितली जाते त्याला निम्माच हिशेब सांगितला जातो, असे आम्ही म्हणू.

तिसरी चाचणी टेक्ससमधील मिरना या कंपनीच्या 'एमआरएक्स-34' ची. शरीरातच आढळणाऱ्या आणि अनेक चिठ्ठ्या एकदम दाबून टाकणाऱ्या एका लहान आरएनएची ती नक्कल होती. 85 रुग्णांपैकी तिघांच्या गाठी लक्षणीय लहान झाल्या. परंतु रोगप्रतिकारक शक्ती बिथरून गंभीर दुष्परिणाम झाले, त्यांत चार रुग्ण मरण पावले, आणि 2016 साली चाचणी बंद करण्यात आली. त्याच वर्षी डायसर्ना या कंपनीनेही आपल्या कर्करोगावरील औषधाची चाचणी, अपेक्षित गुण दिसत नाही म्हणून, थांबविली.

बाजारातील चढउतार

ज्यांच्याजवळ चार पैसे आहेत आणि ते शेअर बाजारात घालण्याचा ज्यांचा विचार असतो त्यांनी पुढचा भाग लक्ष देऊन वाचावा.

मर्क या बलाढ्य कंपनीने 2006 साली सर्ना नावाची लहान कंपनी सुमारे 110 कोटी डॉलरला घेतली. आरएनएच्या औषधांचे युग आले असा त्या वेळी बोलबाला होता. तीच मालमत्ता मर्कने 2014 साली आल्निलामला साडेसतरा कोटी डॉलरला, तेही बरेचसे शेअरच्या रूपात, देऊन टाकली. रोशने 2007 साली याच क्षेत्रात तेहतीस कोटी डॉलरचा करार केला आणि 2010 साली सगळा व्यवहार आवरता घेतला. त्याआधीच्या पिढीतील जेन्टा कंपनीचे 'जेनासेन्स' हे औषध तर थेट तिसऱ्या टप्प्यापर्यंत गेले होते. त्वचेच्या कर्करोगाच्या 771 रुग्णांपैकी निम्म्यांना ते नेहमीच्या औषधाबरोबर दिले. त्यांचे मध्यम आयुर्मान 9 महिने आले आणि केवळ नेहमीचे औषध घेणाऱ्यांचे 7.8 महिने. हा फरक योगायोगाचाही असू शकेल इतका लहान होता. 2004 साली अमेरिकन औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने त्यास अनुकूलता दर्शविली नाही, भागीदार कंपनी बाजूला झाली, आणि 2012 साली जेन्टाचे दिवाळे निघाले.

मग या शोधाचे पुढे काय झाले? तो मेला नाही, त्याने दुकान बदलले. कंपन्यांनी ओळखले की यकृतापर्यंतचा रस्ता पक्का आहे, तर माल तेथेच विकावा. ऑगस्ट 2018 मध्ये आल्निलामच्या 'पॅटिसिरान' या औषधास अमेरिकेत मंजुरी मिळाली. ते मज्जातंतू निकामी करणाऱ्या एका दुर्मिळ आनुवंशिक आजारावर आहे. त्याची जाहीर किंमत वर्षाला साडेचार लाख डॉलर होती. त्यानंतर आणखी काही औषधे आली. त्यांत कोलेस्टेरॉल उतरविण्यासाठी वर्षातून दोनदा टोचावयाचे 'इन्क्लिसिरान' हेही आहे. या सगळ्यांचे काम यकृतात चालते. फायर आणि मेलो यांच्या शोधातून निघालेल्या या वर्गातील कर्करोगावरचे एकही औषध मात्र मंजुरीच्या दारातून बाहेर पडलेले नाही. प्रयत्न थांबलेले नाहीत. पेशी ज्या सूक्ष्म पिशव्या स्वतः बाहेर टाकतात त्यांत औषध भरून स्वादुपिंडाच्या कर्करोगापर्यंत नेण्याची पहिल्या टप्प्यातील चाचणी अमेरिकेत ह्यूस्टनच्या एम. डी. अँडरसन रुग्णालयाने हाती घेतली. पण पहिला टप्पा म्हणजे पहिलाच टप्पा.

आमचे मत

यावरून दोन टोकाचे निष्कर्ष काढले जातात आणि दोन्ही आम्हास मान्य नाहीत.

एक निष्कर्ष असा की, हे सगळे गरिबांना प्रयोगाचे उंदीर बनविण्याचे कारस्थान आहे. हा संशय आपल्या देशात उगीच निर्माण झालेला नाही. इंदूरच्या स्वास्थ्य अधिकार मंचाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली तेव्हा औषध चाचण्यांतील कितीतरी गैरप्रकारांची चर्चा झाली, आणि 2013 साली नुकसानभरपाईचे नियम आले. तरीही सरसकट संशय बरोबर नाही. आज आपल्या आईबापांना जी केमोथेरपी मिळते तीही कोणा अनोळखी रुग्णाने पहिल्या टप्प्यात अंगावर घेतलेली आहे. वर सांगितलेल्या तीन चाचण्यांतील दीडशे माणसांनी जे सोसले त्यातूनच पुढच्यांना कळले की गोळी कशी बांधू नये आणि कोठे थांबावे. हे मोठे काम आहे आणि समजून-उमजून ते करणाऱ्याचा आम्ही आदरच करू.

दुसरा निष्कर्ष असा की, चाचणी म्हणजे श्रीमंतांना आधी मिळणारे औषध, आणि आपणही पैसा ओतला तर ते आपल्याला मिळेल. हा गैरसमज आम्हास अधिक घातक वाटतो, कारण तो प्रेमातून येतो. नमुना तपासणीला पाठविलेला माल आणि हमीसह विकलेला माल यांतील फरक कोणत्याही कारागिराला सांगावा लागत नाही. नवा रंग कापडावर टिकतो की नाही हे पाहण्यासाठी आपण गिऱ्हाइकाचे पैसे घेत नाही. तोच न्याय येथेही लागू आहे. चाचणीतले औषध विकण्यासाठी नसते. म्हणून 'अमुक लाख भरा, तुमच्या रुग्णाला जनुकाच्या नव्या औषधाच्या चाचणीत घालतो' असे जो म्हणेल तो कितीही सुटाबुटातला असला तरी त्याला दार दाखवावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

परदेशी जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. अमेरिकेत चाचणीचे औषध प्रायोजक देतो, पण नेहमीच्या तपासण्या, डॉक्टरांची फी आणि खाटेचे भाडे यांचे बिल बहुधा विमा कंपनीकडे, नाहीतर रुग्णाकडे जाते. राहण्या-जेवणाचा खर्च वेगळाच. आपल्याकडील आरोग्य विम्यात 'असिद्ध उपचार' वगळणारे कलम सर्रास असते. म्हणजे 'औषध फुकट' हे खरे असूनही गाळा जाऊ शकतो.

आपल्याकडील कायदा काय सांगतो

आपल्या देशात 2019 च्या 'नवी औषधे व वैद्यकीय चाचण्या' नियमांनुसार कारभार चालतो. चाचणीस औषध महानियंत्रकांची परवानगी आणि नीतिविषयक समितीची संमती लागते. 2009 पासून प्रत्येक चाचणीची सरकारी नोंदवहीत नोंद करणे सक्तीचे आहे आणि ही नोंद कोणासही पाहता येते. रुग्णाला त्याच्या भाषेत माहितीपत्र मिळाले पाहिजे. त्याला लिहिता-वाचता येत नसेल तर त्रयस्थ साक्षीदार हजर पाहिजे. सही केलेल्या कागदाची प्रत रुग्णास मिळालीच पाहिजे. त्या कागदावर व्यवसाय, वार्षिक उत्पन्न आणि वारसदाराचे नाव यांचे रकाने असतात. हे रकाने मोकळे सोडू नयेत, कारण भरपाईचा प्रश्न आला तर तेच कामी येतात.

चाचणीमुळे इजा झाली तर उपचार विनामूल्य करून देणे प्रायोजकावर बंधनकारक आहे. चाचणीमुळे मृत्यू झाल्यास वारसास भरपाई मिळते. तिचा हिशेब 8 लाख रुपयांच्या पायाभूत रकमेवर वय आणि आजाराची तीव्रता यांचे गुणक लावून होतो. येथे आमची तक्रार आहे. ज्याच्या आयुष्याचे सहा महिन्यांहून अधिक दिवस उरलेले नाहीत अशा रुग्णाचा तीव्रतेचा गुणक अर्धा धरला जातो. म्हणजे 65 वर्षांच्या अशा रुग्णाच्या घरच्यांस 4 लाख मिळतात. तीस दिवसांत मृत्यूची शक्यता 90 टक्के किंवा अधिक असेल तर सरसकट 2 लाख. 'तो तसाही जाणारच होता' हा यामागचा हिशेब आहे. पण कर्करोगाच्या पहिल्या टप्प्यात येणारा माणूस बहुधा असाच असतो. त्याच्यावाचून चाचणी होऊच शकत नाही. ज्याच्या खांद्यावर उभे राहून पुढे साडेचार लाख डॉलरचे औषध विकले जाणार त्याच्या अखेरच्या महिन्यांचे मोल अर्ध्यावर आणणे आम्हास न्याय्य वाटत नाही. हा गुणक बदलला पाहिजे.

आमची दुसरी मागणी कंपन्यांकडे आहे. फसलेल्या चाचणीचा हिशेब यशस्वी चाचणीइतकाच ठळक छापावा. 'एमआरएक्स-34' बंद पडली 2016 साली आणि तिचा पूर्ण अहवाल नियतकालिकात आला 2020 साली. चार वर्षे हा फार लांबचा वायदा झाला. त्या काळात दुसऱ्या कोणी तीच गोळी पुन्हा बांधली असती तर?

सही करण्यापूर्वी

घरात असा प्रसंग आला तर रुग्णाने आणि घरच्यांनी डॉक्टरांना पुढील प्रश्न निःसंकोच विचारावेत. हा कितवा टप्पा आहे? हे औषध याआधी किती माणसांना दिले, त्यांतील किती जणांची गाठ लहान झाली आणि किती जणांना गंभीर त्रास झाला? आमच्या रुग्णाला कोणत्या पायरीची मात्रा मिळणार? किती वेळा यावे लागेल, किती वेळा सुई टोचून गाठीचा नमुना काढणार, आणि जाण्या-येण्याचा खर्च कोण देणार? मध्येच नको वाटले तर सोडता येईल काय? या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'होय, केव्हाही, आणि त्यामुळे नेहमीचे उपचार बंद होणार नाहीत' असेच आले पाहिजे. चाचणी संपल्यावर गुण येत असेल तर औषध पुढे मिळेल काय, हेही विचारावे. नियमांत तशी सोय आहे, पण त्यासाठी डॉक्टरांची शिफारस आणि समितीची संमती लागते.

एक प्रश्न मात्र बहुतेक जण विचारीत नाहीत. चाचणीत गेलो नाही तर आमच्यासाठी काय करता येईल? याचे उत्तर 'काही नाही' असे कधीच नसते. वेदना आणि धाप कमी करणारे, झोप आणि अन्न पोटात टिकविणारे उपचार असतात. 2010 साली अमेरिकेत फुप्फुसाच्या पुढे गेलेल्या कर्करोगाच्या 151 रुग्णांवर एक अभ्यास झाला. ज्यांना निदान होताच नेहमीच्या उपचारांबरोबर अशी वेदनाशामक सेवा मिळाली त्यांचे मध्यम आयुर्मान 11.6 महिने आले. इतरांचे 8.9 महिने. शिवाय ते दिवस अधिक सुसह्य गेले. रोग निराळा असल्यामुळे 'जेनासेन्स'च्या आकड्यांशी याची थेट तुलना करता येणार नाही, हे आम्ही जाणतो. पण एकीकडे कोट्यवधी डॉलर ओतून सव्वा महिन्याचा संशयास्पद फरक आणि दुसरीकडे मॉर्फिन, परिचारिका आणि मोकळेपणाने बोलणारा डॉक्टर यांच्या जोरावर पावणेतीन महिने, हे आकडे हिशेबी माणसाने मनात ठेवण्यासारखे आहेत.

सांगावयाचे तात्पर्य असे. जनुक गप्प करणारी औषधे हा खरा शोध आहे आणि यकृताच्या आजारांत त्याचे फळ हाती आले आहे. कर्करोगात ते अजून नमुन्याच्या अवस्थेत आहे. त्या तपासणीत कोणास भाग घ्यावयाचा असेल तर त्याने तो मोकळ्या मनाने, फुकट, लेखी कागद हातात घेऊन आणि पुढच्या माणसाच्या उपयोगी पडण्याच्या इराद्याने घ्यावा. स्वतःस गुण आला तर तो वरकड नफा समजावा. परंतु त्यासाठी मुलांच्या शाळेची फी, कारागिरांची मजुरी आणि उधारीवर माल देणाऱ्याची रक्कम यांना हात लावू नये. रुग्ण स्वतः शुद्धीवर आणि बोलता असताना घरातील चार जाणत्या माणसांनी त्याच्याजवळ बसावे आणि त्याला काय हवे आहे हे त्यालाच विचारावे. पुष्कळदा औषधाच्या मागे धावण्याचा निर्णय मुले घेतात, आणि बापाला केवळ घरी राहावयाचे असते.